मान न हलवता

बाईंच्या वर्गात मान हलवायला बंदी होती.

बाई संज्ञापन विभागात संशोधनपद्धती शिकवत. संज्ञापन म्हणजे माणूस माणसाशी बोलतो ते, एवढंच. पण एखाद्या साध्या गोष्टीच्या मागे विभाग, विभागप्रमुख आणि परीक्षा लागल्या की तिचं जे होतं ते इथेही झालं होतं. पहिल्या तासाला बाई फळ्यावर दोन चौकोन काढत. एकातून दुसऱ्याकडे बाण, आणि बाणावर खडूचे चार फटकारे. हा बोलणारा, हा ऐकणारा, बाण म्हणजे निरोप आणि फटकारे म्हणजे मधला गोंगाट. सुरुवातीच्या पंडितांना वाटे की निरोप हे पार्सल आहे, इकडून टाकलं की तिकडे जसंच्या तसं पोचतं. मग पुढचे आले आणि म्हणाले, पार्सल कसलं, ऐकणारा उघडून जे बघतो तोच निरोप. मुलं दोन्ही मतं शेजारी शेजारी उतरवून घेत आणि परीक्षेत दोन्ही लिहून मोकळी होत.

खरी मजा मुलाखतीचा धडा सुरू झाला की येई. "मुलाखत घेणाऱ्याने मान हलवली की समोरच्याला कळतं, इकडे हिला बरं वाटतंय," बाई सांगत. "मग तो त्याच दिशेने चालत सुटतो. तुम्हाला त्याचं मत मिळत नाही. तुमचंच मत त्याच्या तोंडून परत मिळतं." दुसरा नियम सूचक प्रश्नाचा. ज्या प्रश्नाच्या पोटात उत्तर बसलेलं असतं तो सूचक प्रश्न, आणि तो विचारणं हे बाईंच्या लेखी खिसा कापण्याइतकंच वाईट. कॅन्टीनमध्ये कोणी कोणाला "चहा घेणार ना?" म्हटलं तरी मुलं ओरडत, "सूचक, सूचक!" जोड्या लावून समोरासमोर बसायचं, एकाने सांगायचं, दुसऱ्याने चेहऱ्यावरची रेष न हलवता ऐकायचं. काही दिवसांत वर्ग असा मख्ख बसायला शिके की दारातून डोकावणाऱ्याला वाटावं, इथे कोणीतरी वारलंय.

बाईंना या सगळ्यासाठी वेगळा सराव करावा लागला नव्हता. लहानपणी "जेवलीस का?" विचारलं तर "का?" असं उत्तर देणारी ही मुलगी. वडिलांनी तेव्हाच तिचं नाव वकील ठेवलं होतं, आणि केस पिकायला लागले तरी ते तिला वकीलच म्हणत.

वडील म्हणजे नाना. पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन होते. सगळा जन्म नळांचे आणि टाक्यांचे नकाशे काढण्यात गेला. बायको गेल्यावर ते आपल्या फ्लॅटमध्ये एकटे राहत होते आणि बरे चालले होते, पण एकदा बाथरूममध्ये पाय घसरला. काही मोडलं नाही. मात्र डॉक्टरांनी बाईंकडे बघत स्वच्छ सांगितलं, यांनी आता एकटं राहायचं नाही.

रस्ते दोनच होते. शहराच्या टोकाला ज्येष्ठांसाठी एक निवास होता, चांगला होता, आणि तिथे एक खोली रिकामी झाली होती. निवासवाल्यांना लवकर उत्तर हवं होतं. दुसरा रस्ता म्हणजे बाईंचं घर. तिथे दोन मोठ्या खोल्या आणि एक छोटी. छोट्या खोलीत खिडकीशी बाईंचं टेबल होतं, भिंतीला पुस्तकं होती, आणि लग्नानंतर कितीतरी वर्षांनी मिळालेलं एक दार होतं, जे आतून लावून घेता येत असे. बाईंचं मोठं संशोधन त्याच टेबलावर चाललं होतं. विषय असा: वयस्कर माणसं मदत कशी मागतात, किंवा कशी मागत नाहीत.

बाईंचा नवरा चष्म्याचं दुकान चालवायचा. त्याच्या मते यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

"नाना, आमच्याकडे या. तीन शब्द," तो म्हणाला. "म्हणून टाक."

"मी असं म्हटलं की ते माझं मन राखायला हो म्हणतील. किंवा भिडेखातर नाही म्हणतील. त्यांना खरंच काय हवंय ते कळणारच नाही. हा सूचक प्रश्न झाला."

"हा प्रश्नच नाही. हे आमंत्रण आहे."

"तेच तर. आमंत्रण हा प्रश्नाचा सगळ्यात सूचक प्रकार."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. "मी दिवसभर लोकांना विचारतो, आता बरं दिसतंय की मगाशी बरं दिसत होतं? अजून कोणी माझं मन राखायला चुकीचा नंबर घेऊन गेलेलं नाही."

पण बाईंचं ठरलं होतं. त्यांच्या संशोधनाची पथदर्शी मुलाखत अजून व्हायची होती. पथदर्शी म्हणजे खऱ्या कामाआधीची रंगीत तालीम, प्रश्न नीट बसलेत की नाही ते पाहायला. ती नानांची घ्यायची, सगळे नियम पाळून. म्हणजे तालीमही होईल आणि नानांच्या मनातलंही शुद्ध स्वरूपात हाती येईल. नात्यातला माणूस उत्तरदाता म्हणून घ्यायचा नाही हा विभागाचा नियम होता. बाईंना तो पाठ होता, कारण त्यांनीच तो लिहिला होता. त्यांनी स्वतःची समजूत घातली की तालीम ही काही खरी मुलाखत नव्हे.

नाना इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. जुन्या ड्रॉइंग टेबलावरचं सामान त्यांनी एका बाजूला सारलं होतं, रेकॉर्डरला जागा हवी म्हणून. संमतिपत्र त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"इथे लिहिलंय, मी मधेच केव्हाही थांबू शकतो."

"हो."

"आयुष्यभर मला असा कागद कोणी दिला नाही," म्हणून त्यांनी सही केली.

"नाना, एक लक्षात ठेवा. मी तुमची मुलगी नाही. कोणीतरी परकी बाई आलीय असं समजून बोलायचं. वकील-बिकील म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"मॅडम म्हणा."

नाना हसले. हा खेळ त्यांना आवडलेला दिसला. बाईंनी बटण दाबलं, हात मांडीवर ठेवले आणि मान ताठ केली.

पहिले प्रश्न सरळ गेले. अडचण आली तर कोणाला सांगता? वरच्या मजल्यावरच्यांना सांगतो, नाना म्हणाले, ते दिवा बदलून देतात. आणि घरच्यांना? "घरच्यांना सांगितलं की ते हातातलं टाकून धावत येतात, मॅडम. म्हणून सांगत नाही." बाईंना हे उत्तर फार आवडलं. मान हलणार होती, ती त्यांनी वेळेत धरली.

"त्या निवासाबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

"बाग चांगली आहे."

"आणखी?"

"जेवण वेळेवर देतात म्हणे."

"आणखी काही?"

नानांनी रेकॉर्डरचा लाल दिवा न्याहाळला. मग म्हणाले, "मॅडम, तुमच्या घरी एखादी छोटी खोली असेल. तिचं काय करता तुम्ही?"

उत्तरदात्याने उलटा प्रश्न केला तर काय करायचं, हे बाई दर वर्षी शिकवत. तो अलगद त्याच्याच हातात परत द्यायचा.

"हे तुम्हाला का विचारावंसं वाटलं?"

"सहज," नाना म्हणाले. "मला रात्री खोकला येतो. बराच येतो. तुमच्या मिस्टरांची झोप सावध आहे का?"

"घरात रात्री कोणी खोकलं तर काय होईल, असं तुम्हाला वाटतं?"

"मला कसं कळणार ते," नाना म्हणाले, आणि या वेळी ते हसले नाहीत. टेबलावरची जुनी मोजपट्टी त्यांनी सरळ करून ठेवली. "म्हातारं माणूस घरात आलं की घरच्यांना जड होतं का हो?"

इथे बाईंच्या मानेत काहीतरी झालं. मान आपली आपण डावी-उजवीकडे हलायला निघाली होती. बाईंनी ती सगळा जोर लावून जागच्या जागी ठेवली आणि म्हणाल्या, "या बाबतीत तुमचा स्वतःचा अनुभव काय?"

"अनुभव अजून नाही."

एवढं बोलून नाना गप्प झाले. आता शांततेचा नियम. उत्तरदाता थांबला तर आपण बोलायचं नाही, शांतता भरून काढायचं काम त्याचं. नाना बाईंकडे बघत होते आणि बाई नानांकडे. दोघंही वाट पाहत बसले, आणि ज्याला सराव जास्त तो जिंकला.

"मग निवासच बरा म्हणायचा," नाना म्हणाले.

बाईंनी नोंद केली: कल निवासाकडे. रेकॉर्डर बंद झाल्यावर नानांनी विचारलं, "जमलं का गं मला?" आणि बाईंनी मनापासून सांगितलं, "फार छान झाली, नाना." ते खरंही होतं.

घरी नवरा विचारत होता, काय म्हणाले?

"त्यांना निवासातच जायचंय. मी एका शब्दानेही सुचवलं नव्हतं."

"हं."

"नुसतं हं काय?"

"मान हलवायला बंदी आहे, म्हणून हं," नवरा म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला.

संध्याकाळी बाई छोट्या खोलीत टेबलाशी बसल्या. त्यांना हलकं वाटत होतं. का हलकं वाटतंय, याची त्यांनी चौकशी केली नाही. मुलाखत स्वच्छ झाली म्हणून असेल, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. पद्धत ही फार सोयीची चीज असते. माणूस तिच्याआड उभा राहिला की आपण नेमके कुठे उभे आहोत ते त्याचं त्यालाच दिसेनासं होतं. नानांनी निवासाला होकार कळवला, खोली ठरली, आणि जायचा दिवसही ठरला.

त्या दिवसाला जेमतेम आठवडा उरला असताना विभागप्रमुखांनी बाईंना बोलावून घेतलं.

विभागप्रमुखांना मुलं चाळणी म्हणत. त्यांच्याकडे कुठलंही काम गेलं की त्यातून निम्मं खाली पडे. प्रत्येकाची पथदर्शी मुलाखत ते स्वतः ऐकत, खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून, कानाला हेडफोन लावून, आणि ऐकून झाल्यावर माणसाला घाम फुटेल असं काहीतरी बोलत. आज त्यांनी हेडफोन काढला आणि चक्क हसले.

"आदर्श मुलाखत," ते म्हणाले. "आपल्या विभागात इतकी शुद्ध मुलाखत मी ऐकलेली नाही. ही वर्गात ऐकवा."

बाईंना कानांवर विश्वास बसेना. चाळणीतून सगळंच्या सगळं वर राहिलं होतं.

"विशेषतः शेवटी. म्हातारी माणसं मुलाखत घेणाऱ्यात नात्याचं कोणीतरी शोधतात. हे गृहस्थ तर तुम्हाला थेट मुलगीच समजायला लागले. छोटी खोली आहे का, मिस्टरांची झोप कशी. अहो, सरळ विचारत होते की, मी तुमच्याकडे राहायला येऊ का!" चाळणींनी कौतुकाने टेबलावर बोटं वाजवली. "आणि तुम्ही तिन्ही वेळा काय सुरेख टोलवलंत. दुसरं कोणी असतं तर विरघळलं असतं. अगदी मलाही एकदा वाटलं की आता ही बाई काहीतरी बोलणार. पण नाही."

खिडकीबाहेर मैदानात कोणीतरी शिट्टी वाजवत होतं. त्या मुलाखतीला बाई स्वतः हजर होत्या. प्रत्येक शब्द त्यांच्या समोर बोलला गेला होता, त्यांनी तो टिपून घेतला होता, उत्तरदात्याची शांतता किती लांबली तेसुद्धा टिपलं होतं. आणि जे या माणसाला डोळे मिटून ऐकू आलं, ते त्यांना ऐकू आलं नव्हतं. की आलं होतं? मान हलायला निघाली होती ती कशाने? मानेला ऐकू आलं होतं. त्यांनीच तिला गप्प बसवलं होतं.

"सर," बाई म्हणाल्या, "ते माझे वडील आहेत."

चाळणींची बोटं थांबली.

"मग ही मुलाखत बाद," ते म्हणाले.

"हो सर."

"नात्यातला उत्तरदाता. नियम तुमचाच आहे."

"हो सर."

चाळणींनी हेडफोनची वायर गुंडाळायला घेतली. अर्धी गुंडाळून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं. त्यांचा आवाज खाली आला होता.

"मग तुम्ही त्यांना उत्तर काय दिलंत?"

बाईंनी पुढचा तास घेतला नाही. इतक्या वर्षांत असं प्रथमच झालं.

नानांच्या फ्लॅटचं दार उघडंच होतं. आत खोकी भरून ठेवलेली होती, प्रत्येकावर नानांच्या सुबक अक्षरात आत काय आहे ते लिहिलेलं. ड्रॉइंग टेबल वरच्या मजल्यावरच्यांना दिलं होतं, त्यामुळे खोली उगाच मोठी दिसत होती. नाना खिडकीजवळच्या खुर्चीत बसून काचेचे पेले कागदात गुंडाळत होते.

"आज कॉलेज नाही?"

"नाना, तुम्ही आमच्याकडे चला."

नानांनी हातातला पेला गुंडाळून पूर्ण केला, खोक्यात ठेवला आणि हात मांडीवर घेतले. मान ताठ केली.

"असं तुम्हाला का वाटतं, मॅडम?"

बाईंना हसू आलं, पण नाना हसत नव्हते. चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती. बाईंच्या वर्गातल्या कुठल्याच मुलाला इतकं जमलं नव्हतं.

"आमच्या घरापासून दवाखाना जवळ आहे."

"आणखी?"

"तिकडे तुम्हाला ओळखीचं कोणी नाही. आणि आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे."

"आणखी काही?"

बाईंनी दुसरी खुर्ची शोधली. ती पण कोणाला तरी देऊन झाली होती. त्या एका खोक्यावर बसल्या. नाना वाट पाहत होते. शांततेचा नियम एकदाच भोगून ते शिकले होते, आणि आता शांतता भरून काढायचं काम बाईंचं होतं. ते किती अवघड असतं, हे इतकी वर्षं शिकवूनही त्यांना ठाऊक नव्हतं.

"छोट्या खोलीत माझं टेबल आहे," बाई म्हणाल्या. "मला ती खोली सोडवत नव्हती. म्हणून मी सरळ विचारलं नाही. तुम्ही हो म्हणाल याची भीती वाटली मला. मग मी ती मुलाखत काढली, आणि तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मला बरं वाटलं, नाना. मी घरी जाऊन टेबलाशी बसले आणि मला बरं वाटलं."

नाना ऐकत होते.

"आता नाही वाटत बरं. तुम्ही तिकडे गेलात तर मला चालणार नाही. जड-बिड काही होत नाही. खोकला, हवं तेवढं खोका. तुमचा जावई झोपला की ढोल वाजवले तरी उठत नाही." बाईंनी डोळे पुसले नाहीत, ते सुचलंच नाही. "एवढंच. आणखी काही नाही."

बराच वेळ नानांनी मान हलवली नाही. मग त्यांनी मांडीवरचे हात उचलले, कागद बाजूला सारला आणि म्हणाले, "निवासवाल्यांना फोन तू कर. आणि सरळ सांग, फिरवाफिरवी नको."

"करते."

"आणि टेबल हलवायचं नाही. ते खिडकीशीच राहू दे. खाट दारामागच्या भिंतीला बसते. दार पूर्ण उघडतं, वर वीतभर जागा उरते."

बाई बघत राहिल्या. "तुम्हाला काय माहीत?"

"मोजलीय ना. तू कॉलेजात होतीस, मी आलो होतो. जावई चहा टाकायला आत गेला, तेवढ्यात मोजून घेतली."

"केव्हा?"

"पडलो, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात."

म्हणजे मुलाखतीच्या आधी. निवासाचं नाव निघायच्याही आधी.

"मग सांगितलं का नाहीत, नाना?"

नानांनी पुढचा पेला उचलला, तो आता न्यायची गरज नाही हे आठवून खाली ठेवला.

"एवढे प्रश्न विचारलेस, वकील," ते म्हणाले. "त्यात हा नव्हता."

बाईंनी मान हलवली. एकदा हलायला लागली ती मग हलतच राहिली.